आधी बायकोचा रिपोर्ट येतो म्हणून आजार बायकोनं आणला असं होत नाही

आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात एखाद्या घरी एचआयव्ही निघाला तर लई वेळा तो आधी बाईच्याच रिपोर्टमध्ये निघतो. कारण साधं आहे, बाईला दिवस गेले की तिचं रक्त तपासतात. हिमोग्लोबिन, सिकलसेल, कावीळ, गुप्तरोगाची टेस्ट आणि त्याच सुईच्या रक्तात एचआयव्ही पण. नवऱ्याचं रक्त तपासायची अशी कोणतीच वेळ येत नाही, ताप आला तर तो गावातल्याच डॉक्टरकडून एक इंजेक्शन मारून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर. मग तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सासू म्हणते "हिनंच आणलं आमच्या घरात", नवरा मान खाली घालून बसतो, आणि माहेरचे लोकं पण विचारतात "काऊन बाई, असं कसं झालं?"

मी ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची काउन्सेलर आहे आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं. टेस्टमधून विषाणू शरीरात आहे का हे समजते. तो कधी आला, कोणाकडून आला, नवराबायकोत आधी कोणाला झाला, यातलं काहीच ती टेस्ट सांगत नाही. ज्याची टेस्ट आधी झाली त्याचा आजार आधी दिसला, बस, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आणि हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. १९९३ ते १९९६ च्या काळात पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास झाला होता, डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या टीमचा (कोरोनाच्या वेळी टीव्हीवर रोज दिसायचे तेच), १९९७ मध्ये तो अमेरिकेच्या जामा या डॉक्टरी क्षेत्रातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्यात ३९१ बायका अशा होत्या की ज्या धंदा करत नव्हत्या, घरसंसारवाल्या, आणि त्यांच्यात १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. त्यांचा धोका कशाशी जुळत होता तर जोडीदाराला गुप्तरोग असण्याशी! म्हणजे बाईनं स्वतः काय केलं याच्याशी नाही. लग्न होऊन एका माणसासोबत इमानदारीनं राहणं हेच तिचं रिस्क होतं. पंचवीस वर्षांच्या वर झाले हे छापून येऊन, पण आमच्या गावापर्यंत अजून पोचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटते.

आता लोकं विचारतात की मॅडम मग एका वेळच्या संबंधात होते का. नेहमीच होते असं नाही. औषध न घेणाऱ्या पॉझिटिव्ह माणसाकडून बाईला एका संबंधात लागण व्हायचा सरासरी धोका दहा हजारात ८ च्या आसपास धरतात, बाईकडून माणसाला ४ च्या आसपास. आकडा लहान दिसते, पण संसार काही एका रात्रीचा नसतो, वर्षानुवर्षांचा असतो, आणि ही सरासरी आहे, काही गोष्टींनी ती खूप वर जाते. नुकतीच लागण झालेली असली तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू भरमसाट असतो आणि त्या माणसाला फक्त साधा तापच आल्यासारखा वाटतो, तेव्हाच तो सगळ्यात जास्त पसरतो. दुसरं म्हणजे तिथल्या जखमा, फोड. नागीणसारखे फोड येणारा जो हर्पिस आहे तो ज्याला आहे त्याला एचआयव्ही लागायचा धोका जवळपास तिप्पट होतो. आणि आमच्या बायका अंगावरून पांढरं जाते, जखम आहे, खाज आहे हे कोणाले सांगत नाहीत, वर्षभर तसंच सहन करतात. सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असते, तिथे याच्या औषधाच्या रंगारंगाच्या किट फुकट मिळतात, नावगाव कोणी बाहेर सांगत नाही. टांझानियाच्या म्वान्झा भागात, तोही खेड्यांचाच भाग, गुप्तरोगांचा इलाज नीट सुरू केला तर नवीन एचआयव्ही ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता (१९९५). नंतर युगांडातल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही, म्हणून एवढ्याच उपायावर थांबता येत नाही, पण जखमेचा इलाज तर करायलाच पाहिजे ना.

मच्छर चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, हे किती वेळा सांगायचं बाप्पा, तरी सांगते. सुईची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊला एका झोलाछाप (बोगस) डॉक्टरनं एकच सिरिंज वापरून गावातल्या कितीतरी लोकांना एचआयव्ही दिला होता. आमच्याकडे पण हातपाय दुखले की इंजेक्शनच पाहिजे, गोळी दिली तर डॉक्टर बेकार वाटतो! इंजेक्शन घ्यायचंच असेल तर सुई आणि सिरिंज दोन्ही तुमच्या डोळ्यासमोर नवीन पाकिटातून काढायला लावा, लाजू नका.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. नऊ देशातली १७६३ जोडपी, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह, आणि त्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपी पण होती. अर्ध्या जोडप्यांतल्या पॉझिटिव्ह जोडीदाराला एचआयव्ही दाबायच्या गोळ्या लगेच सुरू केल्या, अर्ध्यांना नंतर, म्हणजे त्या वेळच्या नियमानं रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी (सीडी४) कमी झाल्यावर. जोडीदाराकडूनच आलेली लागण २८ जणांना झाली, त्यातले २७ उशिरा गोळ्या वाल्या गटातले आणि लगेच गोळ्या वाल्या गटात फक्त १. धोका ९६ टक्के कमी! मग युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला, तिथे जोडप्यांचे निरोध न वापरता ५८ हजारांच्या आसपास संबंध झाले आणि ज्यांचा विषाणू गोळ्यांनी दाबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. हे जेव्हा मी एखाद्या जोडप्यासमोर सांगते ना, तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो. एका बाईनं मला विचारलं होतं, "म्हणजे मॅडम, मी त्यायले काही देणार नाही?" नाही ताई, रोज गोळी घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबून राहिला तर नाही देणार.

ही गोळी सरकारी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या औषधाचं केंद्र) फुकट आहे, २००४ पासून फुकट आहे, आणि आता तर दिवसातून एकच गोळी घ्यायची. २०१७ पासून पेशी किती आहेत ते न पाहता सगळ्यांना लगेच सुरू करतात. सुरू केल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासतात, तो रिपोर्ट मागून घ्या, समजून घ्या, तोपर्यंत निरोध वापराच. गरोदर बाईचं पण तसंच आहे. काहीच केलं नाही तर बाळाला व्हायचा धोका १५ ते ४५ टक्के, गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं तर तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो. म्हणून त्या पहिल्या तपासणीला घाबरू नका. त्या तपासणीनं बाई बदनाम होत नाही, लोकांच्या तोंडानं होते.

गोळी रोज घेणं मात्र सोपं नाही हे मी मानते. आफ्रिकेत व्हॉइस नावाच्या अभ्यासात निगेटिव्ह बायकांना लागण होऊ नये म्हणून रोजची गोळी दिली होती, पण रक्त तपासलं तर बऱ्याच जणींच्या रक्तात औषधच नव्हतं. घरचे काय म्हणतील, लोकं पॉझिटिव्ह समजतील ही भीती होती. मला याचं बिलकुल नवल वाटलं नाही, आमच्या बायका गोळ्यांची डबी धानाच्या ढोलीत लपवून ठेवतात. म्हणूनच २०२४ ची बातमी वाचून मी त्या दिवशी घरी सगळ्यांना सांगत सुटले होते. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन, वर्षातून दोनदा, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ निगेटिव्ह बायकांना लागण होऊ नये म्हणून दिलं आणि त्यांच्यात एकही नवीन लागण नाही. डबी नाही, लपवाछपवी नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की हैदराबादच्याच दोन कंपन्या, डॉ. रेड्डीज आणि हेटेरो, २०२७ पासून ते वर्षाला ४० डॉलरच्या आसपास किमतीत बनवणार आहेत. हैदराबाद आमच्यापासून काही लई दूर नाही! ते आमच्या तालुक्यापर्यंत यावं यासाठी बोलत राहायला पाहिजे, आशाताईंनी, सरपंचांनी, सगळ्यांनीच.

तोपर्यंत एवढं करा. बायकोला तपासणीला आणलं की त्याच दिवशी नवऱ्यानं पण रक्त द्या, खोलीत कोणी दुसरा नसतो, आणि २०१७ च्या कायद्यानं तुमचा रिपोर्ट गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. निगेटिव्ह आला आणि मनात शंका असली तर तीन महिन्यांनी परत या. दवाखान्यात यायची हिंमत होत नसेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे. आणि धान निघाल्यावर जे लोकं मिरची तोडायला तेलंगणात जातात त्यातले ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निघायच्या आठवडाभर आधी एआरटी सेंटरवर सांगायचं, जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, एआरटी सेंटरचं जे कार्ड असेल ते सोबत ठेवायचं, तिकडे गोळ्या संपल्या तर तिथल्या एआरटी सेंटरवर ते दाखवायचं. मुकादमाला काही सांगायची गरज नाही.