आपोआप फिरणारा बाण

काकूंचा फोन आला तेव्हा मी सिडकोत एका घरी प्रिंटर जोडत होतो. "अरे, स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरतोय आणि हे कुणाशी तरी फोनवर हिंदीत बोलतायत!" मी म्हणालो, "आधी राउटरचं बटण बंद करा. काकांना विचारत बसू नका." त्यांनी लगेच केलं, म्हणून निभावलं.

पोचलो तर काका घामाघूम. सकाळी बातम्या वाचताना अख्ख्या स्क्रीनवर लाल पान आलं, भोंगा वाजायला लागला: कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. खरं तर एस्केपचं बटण दाबून धरलं की असं पान लहान होतं आणि मग ब्राउझर बंद करता येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. काकांनी फोन लावला, समोरच्याने रिमोटचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप उतरवून घेतलं आणि नेटबँकिंग उघडायला सांगितलं. ओटीपी मागायच्या आत नेट गेलं होतं.

मोबाइलवरून बँकेला कळवलं, पासवर्ड बदलले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग मशीनकडे वळलो.

विंडोज सिक्युरिटी उघडलं तर हिरवी खूण, सगळं ठीक. पण एक्सक्लूजन्सची यादी बघितली आणि संताप आला. तिथे एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. म्हणजे डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, चालू, पण अख्खी सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेली! पूर्वी कुणीतरी चोरीचं विंडोज टाकून दिलं होतं. ते चालू करणारा ॲक्टिव्हेटर डिफेंडर पकडतो, म्हणून हे लोक तपासणीच बंद पाडतात. चार पैसे वाचवायला म्हाताऱ्या माणसांच्या घराचं दार असं उघडं टाकायचं, हे मला सहन होत नाही.

अशा मशीनवर साफसफाईचा भरवसा मी धरत नाही. फोटो आणि पेन्शनची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली, बाकी सगळं पुसलं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, त्यामुळे ११ च टाकायचं होतं. जुनं मशीन म्हणून ते चालणार नाही असं काकांना कुणी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ११ ला लागणारं टीपीएम, म्हणजे सुरक्षेची सोय, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) नुसतं बंद होतं. ते चालू केलं, रीतसर लायसन्स घेतलं आणि ११ बिनतक्रार चढलं.

शेवटी दोन खाती केली. काकांचं रोजचं खातं साधं, ॲडमिनचं वेगळं आणि त्याचा पासवर्ड काकूंच्या वहीत. "माझ्याच घरात मला परवानगी?" काका जरा घुश्शात होते. मी समजावलं, साध्या खात्यातून कुणी डिफेंडर बंद करायला गेलं तर आधी तो पासवर्ड लागतो. नुसत्या क्लिकने भागत नाही. रिमोटवर बसलेल्या भामट्यालाही तिथेच अडायला होतं. काकूंनी वही लगेच कपाटात ठेवली.

फोटोंची डिस्क मात्र काम झालं की काढूनच ठेवायची, हे दोघांनाही बजावलं. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप ठोकतो.