एक ग्रे, एकदाच

सोलापुरात रेडिओथेरपी तंत्रज्ञ म्हणून काम करताना माझा बहुतेक दिवस तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये जातो. रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), सुमारे 7 आठवडे, एकूण 70 ग्रे, हा हिशेब आता अंगवळणी पडला आहे. त्यामुळे त्या सकाळी फाइलवर ‘1 ग्रे, एकदाच’ असे वाचले, तेव्हा लिहिणाऱ्याकडून एखादे शून्य राहिले असावे असेच मला वाटले. मात्रेचा हिशेब पाहणाऱ्या फिजिसिस्टनी मात्र आकडा बरोबर असल्याचे सांगितले.

रुग्ण अशोक चौक भागातले यंत्रमाग कामगार होते. रक्ताच्या कॅन्सरसाठी पुण्यात थोरल्या बहिणीच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, घेऊन त्यांचे प्रत्यारोपण झाले होते. कॅन्सर गेला, पण बहिणीच्या पेशींतून वाढलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांच्याच शरीराला परके समजून त्यावर तुटून पडल्या. हाच तो जुनाट जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज). स्टेरॉइड झाले, प्रतिकारशक्ती आवरणारे रुक्सोलिटिनिब झाले, तरी कातडी आवळतच गेली. लिम्फोसाइट किरणांपुढे फार नाजूक असतात. कॅन्सरच्या बहुतेक पेशी विभाजनाच्या वेळी मरतात, या मात्र तेवढीही वाट पाहत नाहीत. छाती आणि पोटावर अशी एकच लहान मात्रा दिल्याचा अनुभव फ्रान्समधील डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला होता. अर्थात ही रुळलेली वाट नव्हे, इतर उपाय थकल्यावरची आहे. प्रत्यारोपणाआधी सर्वांगाला किरण दिले होते का, हे आमच्या डॉक्टरांनी पुण्याहून कागद मागवून आधीच तपासले होते. तेव्हा फक्त केमो झाली होती.

खरी अडचण टेबलावर आली. हात डोक्यावर घ्यायला सांगितले, तर ते खांद्याच्या वर जाईनात. खुणा करताना पोटाची कातडी चिमटीत धरू पाहिली, तर खळ लावून वाळवलेल्या सुतासारखी ताठ, बोटांतून निसटत होती. शेवटी हात अंगापासून जरा दूर ठेवून, एवढा मोठा भाग एकाच चौकटीत बसावा म्हणून टेबल बरेच खाली घेतले. निम्मा डोस समोरून, निम्मा पाठीमागून. किरण जेमतेम मिनिटभर चालू होते, त्याआधीच्या तयारीत पाऊण तास गेला.

“मॅडम, झालं एवढ्यात?” त्यांनी विचारले. किरणांसाठी पाठवले म्हणजे कॅन्सर उलटला, अशीच त्यांची धास्ती होती. बाहेर बसलेल्या अक्कांचे दुःख निराळे होते. “माझंच रक्त त्याला छळतंय ना?” त्या म्हणाल्या. त्याच रक्ताने कॅन्सरही आवरला आहे, एवढेच मी सांगू शकले. त्यांना ते कितपत पटले, कोण जाणे.

पुढच्या काही आठवड्यांत रुग्णाच्या प्लेटलेट खाली गेल्या, मग सावरल्या. तीन महिन्यांनी ते तपासणीला आले, तेव्हा पोटाची कातडी थोडीशी चिमटीत आली. बोटे मात्र तशीच आखडलेली होती, तुटलेल्या धाग्याला गाठ मारणे अजून जमत नव्हते. ज्वारीची भाकरी आता दुधात न कुस्करता खाता येते, हे त्यांच्या आधी अक्कांनीच सांगून टाकले.