तुम्ही विचारलंत म्हणून: आठ आठवड्यांची केमिस्ट्री

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर आपल्या शिक्षणाचा पुन्हा विचार करणाऱ्या मराठी मैत्रिणी मला एक प्रश्न हमखास विचारतात. कधी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, कधी मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीत बसून वाट पाहताना, तर कधी रात्री उशिरा फोनवर: "तू ती केमिस्ट्री आठ आठवड्यांत केलीस ना? तीही अर्धी घरून? खरंच होते का गं?" आजवर प्रत्येकीला मी वेगळे आणि अर्धवट उत्तर दिले आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा शेवटचा संबंध नाशिक जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत, दहावीला आला होता. एकेचाळिसाव्या वर्षी नर्सिंगला जायचे ठरवले तेव्हा कळले की, मी जिथे अर्ज करणार होते तिथे शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र आधी पूर्ण केलेले असावे लागते, आणि त्या दोन्हींच्या दारात प्राथमिक केमिस्ट्री उभी असते. ही केमिस्ट्री इथल्या कम्युनिटी कॉलेजात करता येते. ही सरकारी कॉलेजे प्रवेशासाठी गुणांची अट घालत नाहीत, आणि राज्याच्या रहिवाशांना एका युनिटमागे (युनिट म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजण्याचे माप) ४६ डॉलर एवढेच शुल्क पडते. माझा विषय चार युनिटांचा होता, म्हणजे १८४ डॉलर. माझ्या मुलीच्या कथक वर्गाची दोन महिन्यांची फी याहून जास्त होती.

कॉलेजने दोन पर्याय दिले होते. एक, सोळा आठवड्यांचा, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गात जाऊन बसायचा. दुसरा, आठ आठवड्यांचा 'हायब्रिड': व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून कॅनव्हास या प्रणालीवर ठेवलेली, आणि प्रयोगशाळा मात्र दर शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन प्रत्यक्ष. कोणतीही गृहिणी जो निवडेल तोच मी निवडला. संध्याकाळचा स्वयंपाक मोडत नाही, मुलांना शाळेतून आणता येते, अर्धे घरी बसून होते आणि दोन महिन्यांत मोकळे होता येते, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकला तो इथेच. कॅलिफोर्नियात एका युनिटमागे विद्यार्थ्याचा किमान ४८ तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो, वर्गातला आणि वर्गाबाहेरचा मिळून. चार युनिटांचे १९२ तास झाले. सोळा आठवड्यांत ते आठवड्याला बारा तास होतात आणि आठ आठवड्यांत चोवीस. शनिवारचे साडेसहा तास वजा केले तर घरी साडेसतरा तास उरतात, म्हणजे शनिवार-रविवार धरून रोजचे अडीच तास, आणि हे ज्याला सगळे पहिल्या वाचनात कळते त्याच्यासाठी. मी बी.कॉम. असूनही हा साधा भागाकार प्रवेश घेताना केला नाही. तो दुसऱ्या आठवड्यात, नोंद न राहता नाव काढून घेण्याची मुदत टळून गेल्यावर केला. त्यानंतर विषय सोडला तर गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' लागतो, आणि नर्सिंगच्या अर्जावर तो लागू नये अशी माझी फार इच्छा होती.

पहिल्या शनिवारची गोष्ट सांगते, कारण त्या दिवशी जे शिकले ते आजही हातात आहे. आमच्या पुढ्यात अमेरिकन एक सेंटची, म्हणजे पेनीची, वीस नाणी ठेवली होती: दहा १९८२ च्या आधीची आणि दहा नंतरची. दिसायला सगळी तांबडीच. काम एवढेच की दहा-दहाचे वजन करायचे, मग मोजपात्रातल्या पाण्यात सोडून पाणी किती चढले ते पाहायचे आणि घनता काढायची. जुन्या दहा नाण्यांचे वजन ३१.१ ग्रॅम भरले, नव्यांचे २५.० ग्रॅम. पाणी मात्र दोन्ही वेळा साडेतीन मिलिलिटरच चढले. जुनी नाणी ९५ टक्के तांब्याची असतात. १९८२ मध्ये ती बदलली आणि आतून जस्त, वरून तांब्याचा पातळ मुलामा, असे नाणे निघू लागले. घनतेचे आकडे ८.९ आणि ७.१ आले, तेव्हा ही लबाडी तराजूने पकडून दिली याचा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

त्या प्रयोगात माझा एक गुण गेला. पाण्याची पातळी बरोबर २४ च्या रेघेवर होती, म्हणून मी वहीत '२४' लिहिले. प्राध्यापिकाबाईंनी त्याच्यापुढे लाल शाईने शून्य काढले: २४.०. मोजपात्रावर रेघा एकेका मिलिलिटरच्या असतील तर दोन रेघांमधला दहावा भाग डोळ्याने अजमावून लिहायचाच असतो, आणि पातळी थेट रेघेवर असली तरी तो शून्य लिहिणे हे मोजणाऱ्याचे कर्तव्य असते, कारण तो शून्य म्हणजे 'मी इथपर्यंत पाहिले आहे' ही नोंद असते. याला सार्थ अंक म्हणतात. दहावीत आम्ही उत्तर 'दोन दशांश स्थळांपर्यंत' काढत असू, उपकरण कोणते आहे याची चौकशी न करता. गृहपाठाच्या संगणकप्रणालीनेही पुढे याच शून्यावरून माझा छळ मांडला. ०.५० च्या जागी ०.५ लिहिले की उत्तर चूक, आणि चूक का ते सांगायचे नाही. बाईंच्या लाल शून्याने मला शिकवले. प्रणालीच्या लाल फुलीने रविवारी रात्री ११:५९ ची मुदत गाठताना फक्त रडवले.

मराठी माध्यमाचा काही ठिकाणी उघड फायदा झाला, हे मुद्दाम सांगते, कारण विचारणाऱ्या अनेकींना भीती त्याचीच असते. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण हे शब्द ज्याने लहानपणी घोकले आहेत त्याला त्यांच्यातला फरक इंग्रजी नावांमुळे पुसला जात नाही. अणू आणि रेणू ही आपली जोडी तर इतकी पक्की बसलेली असते की, वर्गातली मुले जिथे अडखळत होती तिथे मी सहज पुढे गेले. (प्रयोगशाळेतल्या एका हिंदी भाषक बाईंशी मात्र माझा चांगलाच घोळ झाला; त्यांच्या शाळेत ज्याला अणु म्हणत तो आपला रेणू, आणि आपला अणू त्यांचा परमाणु.) अडचण झाली ती नावांच्या वेगाची. नायट्रेट आणि नायट्राइट, सल्फेट आणि सल्फाइट, त्यांच्यावरचे विद्युतभार, अशी चाळीसेक नावे पाच दिवसांत पाठ करायची होती. मी ती चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवली, आणि दूध काढायला दार उघडण्याआधी एक चिठ्ठी वाचायचीच असा घरात नियम केला. मुलीला ती माझ्याआधी पाठ झाली.

तिसऱ्या आठवड्यात मोल, म्हणजे अणू-रेणूंची संख्या मोजण्याचे एकक, आला. तुम्ही ज्याला 'कठीण' म्हणून घाबरता ते खरे तर एवढेच आहे, आणि मी दुसऱ्या परीक्षेत ५८ टक्क्यांवर आपटले ती यावरच. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान चाळीस मिनिटांचे होते. थांबवत, मागे नेत ते मला पावणेदोन तास लागले आणि तरी कळले नाही. वर्गात बसलेले असते तर शेजारच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ दिसला असता, कुणीतरी हात वर केला असता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एकटी होते आणि चूक माझ्यातच आहे अशी माझी खात्री होती. शेवटी बाईंच्या ऑनलाइन भेटीच्या वेळेत गेले. त्यांनी विचारले की, बँकेत नाण्यांची पिशवी आली तर एकेक नाणे मोजतात का? मी चार वर्षे पतसंस्थेत नोकरी केली होती. नाणी मोजत बसत नाहीत, तोलतात. एका नव्या पेनीचे वजन अडीच ग्रॅम हे ठाऊक असले की पाचशे ग्रॅमच्या पिशवीत दोनशे नाणी आहेत, हे पिशवी न उघडता सांगता येते. मोल म्हणजे हे तोलून मोजणेच. कार्बनचे १२.०१ ग्रॅम तोलले की त्यात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढे अणू आले. लोखंडाचे तेवढेच अणू हवे असतील तर ५५.८५ ग्रॅम तोला. पावणेदोन तासांत न कळलेले सात मिनिटांत कळले.

पुढची गणिते मी त्रैराशिकाने सोडवू लागले, उत्तरे बरोबर येत होती आणि गुण मात्र कापले जात होते. इथे प्रत्येक आकड्याला एकक जोडून, अपूर्णांकांची साखळी मांडून, वरची-खालची एकके छेदत जाण्याची पद्धत आहे. आधी मला तो हट्ट वाटला. चार पायऱ्यांच्या गणितात माझे त्रैराशिक दोनदा उलटे पडले तेव्हा त्यातले शहाणपण दिसले: एकक छेदले जात नसेल तर अपूर्णांक उलटा लिहिला आहे हे उत्तर काढण्याआधीच कळते. ज्या बायका दर महिन्याला डॉलरचे रुपये करून घरी पाठवतात त्यांना ही पद्धत नवी नाही, फक्त कागदावर मांडायची सवय नसते.

आठ आठवड्यांच्या घाईची खरी किंमत मी पाचव्या आठवड्यात मोजली. मुलगी तापाने आजारी पडली आणि मी तीन दिवस काही उघडले नाही. सोळा आठवड्यांच्या वर्गात तीन दिवस म्हणजे एखाददुसरी संध्याकाळ बुडाली असती. इथे रासायनिक बंधांचे अख्खे प्रकरण निघून गेले. ते मी नंतर वाचले, परीक्षेपुरते. शनिवारची प्रयोगशाळा मात्र चुकवता येत नव्हती, कारण तिची भरपाई नव्हती आणि दोन वेळा गैरहजर राहिल्यास नावच काढले जाई. त्या शनिवारी नवऱ्याने घर सांभाळले. तो सांभाळू शकला, हे माझ्या उत्तरात धरा.

सातव्या शनिवारी व्हिनेगरचे टायट्रेशन, म्हणजे त्यात आम्ल किती आहे ते मोजण्याचा प्रयोग, होते. शंकूच्या आकाराच्या चंबूत पाच मिलिलिटर व्हिनेगर, थोडे पाणी आणि फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या मोजनळीत, सोडियम हायड्रॉक्साइडचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण. ते थेंबथेंब सोडत, चंबू फिरवत राहायचे आणि फिकट, जेमतेम दिसणारी गुलाबी छटा तीस सेकंद टिकली की थांबायचे. माझा पहिला चंबू क्षणात गडद राणी रंगाचा झाला, म्हणजे मी पुढे निघून गेले होते. दुसराही तसाच. प्रयोगातला माझा जोडीदार एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो म्हणाला, तोटी पूर्ण उघडूच नका, तिच्या टोकाला लटकलेला अर्धा थेंब चंबूच्या काचेला टेकवून घ्या आणि पाण्याने धुऊन आत घाला. तिसऱ्या वेळी, ४१.६ मिलिलिटरवर, ती छटा आली आणि टिकली. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, "अगं, हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, तसंच ना?" अगदी तसेच. हळदही दर्शकच आहे, आणि सातवीत हळदीचा कागद मी स्वतः केलेला होता. तो आणि हा चंबू एकच गोष्ट सांगतात हे मला आईने सांगावे लागले.

मला शेवटी ८४ टक्के मिळाले, म्हणजे 'बी'. तेव्हा "होते का?" या प्रश्नाचे उत्तर "होते" असेच आहे. पण चार महिन्यांनी शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान कसा राखला जातो, त्यात बायकार्बोनेट काय करते, हे आले, तेव्हा माझ्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. आम्ल आणि आम्लारी मला आठवत होते, कारण ते चंबूत पाहिले होते. घनता, मोल, सार्थ अंक आठवत होते. बंध, वायूंचे नियम, जे जे मी दीडपट वेगाने पडद्यावर पाहून परीक्षेला उतरवले होते, ते पार धुऊन गेले होते आणि पुन्हा वाचावे लागले. सोळा आठवड्यांत कदाचित तेही राहिले असते, कारण विसरायला आणि पुन्हा आठवायला मधे वेळ मिळाला असता.

म्हणून विचारणारीला मी आता उलट तीन गोष्टी विचारते. दशांश, अपूर्णांक आणि दहाचे घात हात न अडखळता जमतात का? नसतील तर आधी महिनाभर तेच करावे. त्या दोन महिन्यांत भारतवारी, मुंज, लग्न, सासू-सासऱ्यांचे येणे, यांपैकी काही आहे का? असेल तर सोळा आठवड्यांचा वर्ग घ्यावा, स्वयंपाक मोडला तरी चालेल. आणि रोजचे अडीच तास घरातल्या कुणाला तोंडाने सांगून मागितले आहेत का? "बघू, जमेल तसं" यावर हा अभ्यासक्रम चालत नाही. मी ते करून पाहिले आहे.

ज्या हे सगळे ऐकून नाव नोंदवतील त्यांनी प्रयोगशाळेचा गॉगल विकत घेऊ नये. माझा कपाटात पडून आहे. बाजूंनी बंद असलेला, शिंतोडे अडवणारा, हवा तोच प्रकार आहे; पट्टा थोडा सैल झाला आहे, गाठ मारली की बसतो.