इमेज एवढी मोठी का?

आमच्या विभागातल्या ज्येष्ठ संशोधक बाईंना विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, "विंडोजला धक्का लागू देऊ नकोस गं. सहा वर्षांच्या नोंदी आहेत त्यात."

फायली त्यांनी आधीच पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. पार्टिशन करताना, म्हणजे डिस्कचे भाग पाडताना, गडबड झाली, तर विंडोज, बूटचं (संगणक सुरू करणारं) पार्टिशन, एकेक सॉफ्टवेअर आणि त्याचा परवाना पुन्हा उभा करण्यात आठवडा जातो. म्हणून पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत.

अशी इमेज काढणारं क्लोनझिला पेनड्राइव्हवरून सुरू केलं, १ टीबीची बाहेरची डिस्क जोडली. ५१२ जीबीपैकी जेमतेम १४० जीबी भरलेले. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, ओळखता आली की क्लोनझिला भरलेले ब्लॉकच वाचतं, तेव्हा तासाभरात आटपेल असं धरलं होतं. पडद्यावर मात्र सी ड्राइव्हचा अख्खा आकार आला आणि बाकी वेळ साडेतीन तास. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टिम, त्याला दिसतच नव्हतं. रिकाम्या जागेसकट सेक्टरमागून सेक्टर उचलणं चाललं होतं.

काम थांबवून विंडोजमध्ये गेले. सी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू! म्हणूनच क्लोनझिलाला आतलं काही ओळखता येत नव्हतं. बाईंना पत्ताच नव्हता. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. किल्ली मशीनमधल्या टीपीएम चिपकडे असते, त्यामुळे रोज काही विचारलं जात नाही. बूटचा मार्ग बदलला की मात्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. ती नसेल तर मी काढत होते ती इमेजही दुसऱ्या मशीनवर निव्वळ कुलूपबंद पेटी. या विचाराने मला खरोखर घाम फुटला.

विंडोज अजून उघडत होतं, हे नशीब. रिकव्हरी की छापून घेतली, एक प्रत बाईंच्या हातात दिली. मग इमेज पुन्हा पहिल्यापासून, साडेतीन तास बसून. दुसऱ्या दिवशी ती तेवढ्याच आकाराच्या सुट्या डिस्कवर उतरवली, दुसऱ्या संगणकाला जोडली. की विचारली, घातली, नोंदींचे फोल्डर उघडले. बाईंनी चार-पाच फायली स्वतः उघडून पाहिल्या, तेव्हा कुठे मी विंडोजमधूनच सी ड्राइव्ह आकसून लिनक्सला जागा केली.

लिनक्स बसलं. ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून विंडोज निवडलं आणि निळा पडदा आला: रिकव्हरी की द्या. बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला. "थांब, मी वाचते, तू घाल." सहा-सहा आकड्यांचे आठ गट. शेवटचा गट घातल्यावर त्यांचा डेस्कटॉप होता तसा समोर आला.