बाबांच्या हृदयाचे दोन इको

अटॅकनंतर चौथ्या दिवशी बाबांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते, 35 टक्के. साधारण 55च्या वर हवं. मला वाटलं, झालं ते झालं, आता जखम भरेल. पण हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही म्हटलं तरी चालेल. तिथे कोलॅजनचा व्रण बसतो. खरी भानगड त्यानंतरची. उरलेला धडधाकट भाग जास्तीचं काम ओढता ओढता ताणला जातो. डावी जवनिका, म्हणजे खालचा डावा कप्पा, निमुळती असते ती चेंडूसारखी गोल होत जाते. पोकळी वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो, ताणाने ती आणखी फुगते. शरीर मदत म्हणून अँजिओटेन्सिन, अ‍ॅड्रेनलिन ही रसायनं वाढवतं, त्याने महिनोन्‌महिने नुकसानच होतं. (काही नातेवाईक आठवले.)

‘बीपी नॉर्मल आहे, मग बीपीच्या गोळ्या कशाला?’ बाबा रोज कुरकुरायचे. त्यांच्या त्या गोळ्या, रामिप्रिल आणि मेटोप्रोलॉल, या चक्राच्याच आड येतात, हे शेवटी कागदावर फुगा काढून समजावलं.

सहा महिन्यांनी 44 टक्के, कप्पाही थोडा आकसलेला. रिपोर्ट बाजूला ठेवून बाबा म्हणाले, ‘तो तुझा फुगा कुठाय? आता लहान काढ.’