फोर्टमधला एक रविवार: युरोपीय धाटणीच्या लग्नफोटोंसाठी रस्ते कसे निवडायचे

मुंबईत युरोपीय धाटणीचे लग्नाचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव गेटवेचं आणि दुसरं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं असतं. आम्ही ही दोन्ही नावं आधी खोडतो. गेटवे मुळात युरोपीय नाहीच. त्याच्या कमानीवर सोळाव्या शतकातल्या गुजराती वास्तुकलेची छाप आहे. टर्मिनसची इमारत अप्रतिम आहे, पण तिच्या घुमटांत आणि कोरलेल्या मोरांत मुंबईच दिसते, आणि समोरच्या रस्त्यावर बसगाड्या पहाटेपासून थांबत नाहीत. युरोपचा भास एकट्या भव्य वास्तूने होत नाही. तो होतो रस्त्याने: एका उंचीच्या दगडी इमारतींची सलग रांग, मोकळी जमीन आणि तिरपा, मऊ उजेड. ही तिन्ही एकत्र मिळतात अशा जागा फोर्टात मोजक्या आहेत आणि त्या पायी एका रविवारी होतात.

टर्मिनसवर उतरून बॅलार्ड इस्टेटकडे चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून आम्ही सहा चाळीसला तिथे उभे असतो. जूनमध्ये हीच वेळ पावणेसहाच्या आधी येते. दिवस रविवारचाच हवा. ही सगळी कचेऱ्यांची वस्ती आहे. शनिवारी अर्धी कार्यालयं उघडी असतात आणि कडेला गाड्यांची रांग लागते.

बॅलार्ड इस्टेट ही मुंबईतली या कामासाठी सर्वांत चांगली जागा, असं आमचं ठाम मत आहे. बाजूची अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीने भराव घालून पोर्ट ट्रस्टने ही वसाहत १९०८ ते १९१४ या काळात उभी केली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवेही त्यांचंच, पण इथे त्यांनी घुमट-कमानींचा भारतीय मेळ बाजूला ठेवला आणि इमारतींची उंची, शैली आणि दर्शनी भाग एकमेकांशी जुळते ठेवले. डोळ्याला लंडनची आठवण होते ती या सलग रेषेमुळे. एखादी इमारत वेगळी काढली तर ती साधीच वाटेल.

म्हणून इथे इमारतीसमोर उभं राहून फोटो काढू नका. जोडप्याला रस्त्याच्या मध्यावर, रस्ता लांबवर पाठीमागे जाईल असं उभं करा. फुल-फ्रेम (३६ × २४ मि.मी. सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मि.मी. लेन्स लावून १२ मीटर मागे गेलं, की उभ्या चौकटीत जोडप्याच्या जागी साधारण ५ मीटर उंची मावते. माणसं चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक जागा घेतात आणि दोन्ही बाजूंच्या सज्जांच्या रेषा त्यांच्यामागे जवळ ओढल्यासारख्या येतात. ३५ मि.मी.ने हाच फोटो घेतला तर रस्ता रुंद आणि इमारती बुटक्या दिसतात. शिवाय फुटपाथचे पेव्हर ब्लॉक आणि पिवळे-काळे रंगवलेले कठडे चौकटीत शिरतात. मुंबई लपत नाही ती मुख्यतः या कठड्यांमुळे, खिडक्यांतल्या एसीच्या खोक्यांमुळे आणि आडव्या लोंबणाऱ्या केबलींमुळे. जागा पाहायला जाल तेव्हा इमारतीचं सौंदर्य नंतर बघा. आधी एसी मोजा. एका भिंतीवर तीन-चार असतील तर नंतर पुसता येतात. वीस असतील तर ती भिंत सोडा.

सूर्य इमारतींच्या वर यायच्या आधीचा अर्धा तास सगळ्यांत मोलाचा. गोदी पूर्वेला आहे, त्यामुळे ऊन तिकडून येतं आणि इमारतींआडून रस्त्यावर उतरायला त्याला वेळ लागतो. तोवर उजेड आकाशातून, सगळीकडून सारखा येतो. अडचण रस्त्यावरच्या दिव्यांची: ते चालू असतील तर पांढऱ्या गाऊनची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि हे नंतर दुरुस्त करणं फार किचकट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्यातली जुळणी, आपोआपवर न ठेवता ५२०० केल्विनच्या आसपास पक्का करा आणि दिव्याच्या थेट खाली कुणाला उभं करू नका. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १६००, लेन्सचं छिद्र एफ/२.८ ठेवा आणि शटर १/१६० सेकंदाहून हळू नको. चालतानाचे फोटो असतील तर १/४००.

गाऊनबद्दल इथेच सांगतो, कारण पहिला फटका इथेच बसतो. मागचा घोळ एक-दीड मीटर लांब असेल तर डांबरावरून वीस पावलं चालल्यावर त्याची कड काळी होते. प्रत्येक चालण्याच्या फोटोनंतर मागून कुणीतरी घोळ उचललाच पाहिजे, आणि ते काम फोटोग्राफरचं नाही. एक करवली किंवा मैत्रीण त्यासाठी वेगळी ठेवा. बसण्याच्या किंवा पायरीच्या फोटोसाठी घोळाखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा दोन मीटरचा तुकडा अंथरा. कापडाखाली तो दिसत नाही. बरोबर मोठ्या सेफ्टी पिना डझनभर, ओले रुमाल, चालायला सपाट चपला आणि कबुतरांच्या विष्ठेसाठी कोरडं फडकं. कमानींखाली कबुतरं असतातच.

सव्वासात-साडेसातला इथून निघून शहीद भगतसिंग मार्गाने हॉर्निमन सर्कलला दहा-बारा मिनिटांत पोहोचता येतं. १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या या वर्तुळाचं मूळ नाव एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव त्याला मिळालं. बागेभोवती वळत जाणाऱ्या इमारती आणि त्यांच्या तळाशी सलग कमानींची ओवरी, हा इथला ठेवा. बागेच्या आत मात्र आम्ही फोटो काढत नाही. दाट झाडांखाली उजेड हिरवा होतो आणि पांढऱ्या कापडावर व त्वचेवर तो हिरवटपणा चढतो.

ओवरीत जोडप्याला कमानीच्या तोंडापासून दोन पावलं आत उभं करा आणि चेहरे बाहेरच्या बाजूला वळवा. अगदी तोंडाशी उभं केलं तर डोक्यावर उजेड आणि डोळ्यांत अंधार असं होतं. फार आत गेलं तर चेहरा सपाट, करडा पडतो. ५० मि.मी. लेन्स, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि पूर्ण सरळ. ओवरी वळत जाते, म्हणून चार-पाच कमानींनंतर पुढचं काही दिसत नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं: पलीकडची टॅक्सी आणि फलक आपोआप झाकले जातात. सकाळी इथे लोक झोपलेले असतात. त्यांना उठवून जागा मोकळी करून घेऊ नये, हे आम्ही प्रत्येक जोडप्याला आधीच सांगतो. पुढच्या कमानी मोकळ्या असतात, तिकडे सरकायचं.

सर्कलच्या पूर्वेला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. १८३३ साली पूर्ण झालेली, डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक धाटणीच्या खांबांची, तीस पायऱ्यांची. तिचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत आणि त्यामागचं आकाश लख्ख असतं, त्यामुळे पूर्ण इमारत चौकटीत घेतली तर एकतर आकाश पांढरंफटक होतं किंवा माणसं काळवंडतात. उपाय सोपा आहे: आकाश घेऊच नका. नवरीला दहाव्या-बाराव्या पायरीवर उभं करून घोळ खालच्या चार पायऱ्यांवर पसरवा आणि चौकट खांबांच्या निम्म्या उंचीवर कापा. खांबांचा खालचा भाग आणि पायऱ्यांच्या आडव्या रेषा एवढ्यावर फोटो उभा राहतो. पहारेकऱ्याला आधी विचारा आणि वाटेत बसू नका. ही वापरातली वास्तू आहे.

परवानगीचा मुद्दा या पायऱ्यांवरच निघतो, म्हणून तो इथेच. हातात एक कॅमेरा, सोबत चार माणसं आणि एखादा घडीचा रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारा पडदा) असेल तर रस्त्यावर सहसा कुणी अडवत नाही. तिवई, दिव्यांचे स्टँड, धुराच्या कांड्या किंवा कपडे बदलायचा तंबू दिसला की पोलीस किंवा सुरक्षारक्षक येणारच, आणि त्यात सकाळचा उजेड निघून जातो. मोठं चित्रीकरण करायचं असेल तर गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणारी एक खिडकी योजना आहे, तिथे आधी अर्ज करावा. ड्रोन मात्र नाहीच. बंदर आणि नौदलाची गोदी इतकी जवळ असताना तो उडवणं हा थेट गुन्ह्याचा मामला होऊ शकतो.

सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८) इथून दोन मिनिटांवर आहे. चर्चगेट हे नाव ज्या चर्चमुळे पडलं ते हेच. पण रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते. त्या वेळी गाऊन घालून फाटकाशी घुटमळणं बरं दिसत नाही. आम्ही पुढे जातो. फ्लोरा फाउंटन (१८६४) पोर्टलंडच्या दगडात कोरलेलं अस्सल इंग्लिश कारंजं आहे, पण भोवती चारी बाजूंनी वाहनं. साडेआठच्या आत पोहोचलात तर ८५ मि.मी.ने मूर्तींचा वरचा भाग मागे धूसर ठेवून दोन-चार चेहऱ्यांचे फोटो होतात. त्याहून जास्त अपेक्षा नको.

काळा घोड्याच्या गल्ल्यांत दगड कमी आणि रंग जास्त. नेसेट एलियाहू सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाची (१८८४), फिकट निळी-पांढरी भिंत गाऊनच्या मागे सुरेख दिसेल असं वाटतं, आणि दिसतेही, पण तिथे कायम पोलिसांचा बंदोबस्त असतो. पहारा आणि अडथळे चौकटीत आणू नका, आणि नको म्हणाले तर वाद न घालता निघा. शनिवारी, त्यांच्या पवित्र दिवशी, तर तिकडे फिरकूच नये. साडेनवाला कॅमेरा बंद. त्यानंतर ऊन डोक्यावर चढत जातं, डोळ्यांखाली खड्डे पडतात आणि काळा कोट धुरकट दिसतो.

मधल्या वेळात लोक वांद्र्याच्या रानवारला किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीला जायचा विचार करतात. ती वेगळी जात आहे: लाकडी जिने, कौलं, पोर्तुगीज वळणाचे व्हरांडे. पणजीचं फोंतैन्याश त्याच घराण्यातलं. तिथे पॅरिस शोधू नका. निळ्या-पिवळ्या-लाल भिंतींसमोर फिकट गुलाबी किंवा दुधी रंगाचा साधा, गुडघ्याखाली येणारा फ्रॉक शोभतो, भला मोठा गाऊन अरुंद गल्लीत गुदमरतो. आणि या तिन्ही जागी भिंतीमागे घरं आहेत. फोंतैन्याशच्या रहिवाशांनी फोटोवाल्यांच्या त्रासाबद्दल उघड तक्रारी केल्या, दारांवर पाट्या लावल्या. कुणाच्या ओट्यावर विचारल्याशिवाय बसायचं नाही, एवढं पाळलं तर पुढच्या जोडप्यालाही दार उघडं राहतं.

संध्याकाळी ओव्हल मैदान. त्याच्या पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दोन्ही १८७८ ची. पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातल्या भौमितिक नक्षीच्या शैलीतल्या इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही कडांना मिळून जागतिक वारसा म्हटलं. पूर्वेकडच्या इमारतींची तोंडं पश्चिमेला, म्हणून त्या सकाळी काळ्या आकृतीसारख्या दिसतात आणि दुपारनंतर उजळतात. कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा टॉवर सोनेरी होतो तो संध्याकाळीच. सकाळी इथे येणं ही आम्हाला सर्वाधिक दिसणारी चूक आहे.

टॉवर ८५ मीटर उंच आहे. जवळ जाऊन कॅमेरा वर वाकवला की तो मागे पडल्यासारखा आणि वर निमुळता दिसतो. कॅमेरा सरळ धरून तो पूर्ण मावायला ३५ मि.मी.ने उभ्या चौकटीत सुमारे १६५ मीटर आणि २४ मि.मी.ने सुमारे ११५ मीटर लांब जावं लागतं. म्हणून मैदानाची पश्चिमेकडची कड धरा, जोडपं कॅमेऱ्यापासून पाच-सहा मीटरवर ठेवा, एफ/८ लावा आणि चौकटीच्या खालची जास्तीची जमीन नंतर कापा. कडेची माडाची झाडं चौकटीबाहेर ठेवायला चार पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा. रविवारी मैदानावर क्रिकेटचे डझनभर डाव एकाच वेळी चालू असतात, तेव्हा चेंडूकडेही एकाने लक्ष ठेवायचं.

हिवाळ्यात धूरकं फार असेल तर टॉवर फिका पडतो. अशा दिवशी दूरचा फोटो सोडून द्यावा. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात दगड धुतलेला आणि हवा स्वच्छ असते, फक्त उकाड्यात कोट सोसवत नाही. आणि आठवडाभर आधी एक चक्कर माराच. डागडुजीसाठी हिरवी जाळी लागली असेल तर ती कित्येक महिने उतरत नाही.

डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी होतो. साडेचारला ऊन थेट तोंडावर येतं आणि नवरा-नवरी दोघंही डोळे बारीक करतात. त्या वेळी नुसतं बसून राहा, मेकअप सावरा, पाणी प्या. पाच वीस ते पाच चाळीसच्या दरम्यान सूर्य पश्चिमेच्या इमारतींमागे उतरतो. मैदानावर सावली येते, पण टॉवरच्या वरच्या अर्ध्या भागावर ऊन अजून असतं. चेहरे मऊ उजेडात, मागे दगड पेटल्यासारखा. चेहऱ्यांवरून उजेड मोजला तर टॉवर पांढराफटक होतो, म्हणून टॉवरवरून मोजा आणि चेहऱ्यांना रिफ्लेक्टरने वर आणा. हा मेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकतो. उभं राहण्याची जागा, घोळाची घडी आणि लेन्स त्याआधीच ठरलेली हवी.