एकच गाळ नऊ वेळा काढला

मी एका नगरपालिकेत तक्रार विभागात आहे. लोकांच्या तक्रारी येतात, त्या त्या खात्याकडे पाठवायच्या, काम झालं की फोटो जोडायचा आणि तक्रार बंद करायची. गेल्या वर्षी एका गल्लीतून "गटार तुंबलंय, पाणी रस्त्यावर" अशी तक्रार 2 महिन्यात 9 वेळा आली. नऊच्या नऊ वेळा गटार साफ करणाऱ्या कामगारांची गँग गेली, चेंबर साफ केलं, फोटो आला, 24 तासांच्या आत तक्रार बंद. कागदावर आमचं काम एक नंबर होतं आणि गल्लीतली माणसं तेवढीच चिडलेली होती, दहाव्यांदा एका आजोबांचा फोन आला तेव्हा ते ओरडले पण नाहीत, नुसतं "लिहून घ्या" म्हणाले. ते मला फार लागलं.

मग ठरवलं की टेबलावर बसून हे कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हजेरीच्या ठिकाणी गेलो आणि त्या बीटवर, म्हणजे झाडायला नेमून दिलेल्या भागात, झाडणाऱ्या मावशींबरोबर निघालो. त्या 14 वर्षं तोच रस्ता झाडतात. मुकादम म्हणाला साहेब तुम्ही कशाला, मी दाखवतो ना, पण मला मावशींच्याच मागे फिरायचं होतं.

खराटा मारताना त्या कडेकडेने जातात, कारण गाड्यांच्या चाकांनी कचरा आणि माती मधून कडेलाच ढकललेली असते. तोंडाला ओढणी बांधलेली, तरी धूळ इतकी की मला दहा मिनिटात खोकला सुरू. आणि डोळ्याला दिसते ती धूळ तरी नाकात अडते, खरा त्रास 10 मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांचा, ते छातीपर्यंत जातात. आम्ही मास्क देतो असं रेकॉर्डवर आहे, पण तो पातळ मास्क घामाने भिजला की श्वास घेता येत नाही असं मावशींनी सांगितलं आणि मी तो लावून बघितला, खरंच घेता येत नाही.

तर त्या झाडत जातात आणि ठराविक अंतरावर छोटे ढीग करतात. ढकलगाडीत मावेल तेवढं भरतात, बाकीचं कचरागाडी आली की उचलायचं. सात वाजता त्यांचा रस्ता लखलखीत होता, खोटं नाही सांगत. आणि कचरागाडीची वेळ होती साडेनऊची! अडीच तास ते ढीग तसेच पडून, त्यावरून दुचाक्या जातात, कुत्री उकरतात, वारा येतो. साडेआठच्या सुमारास त्या दिवशी पावसाची एक सर आली, जेमतेम पंधरा मिनिटं, आणि माझ्या डोळ्यासमोर तीन ढीग विरघळून सरळ गटाराच्या जाळीकडे वाहत गेले. पानांचे देठ, बारीक वाळू, सिगारेटची थोटकं. थोटूक कापसासारखं दिसतं पण त्याचा फिल्टर प्लास्टिकच्याच जातीचा असतो, लवकर कुजत नाही, जाळीतून आरामात खाली जातो आणि चेंबरमध्ये गाळाबरोबर घट्ट बसतो.

मी म्हटलं, मावशी हे रोज असंच होतं का? तर त्या म्हणाल्या, "साहेब, हे काहीच नाही, तिकडं बघा." जाळीशेजारी काळ्या गाळाचा ढीग होता. मागच्या तक्रारीच्या वेळी गँगने काढलेला. ओला गाळ फार जड असतो, गाडीतून सांडतो, म्हणून कडेला वाळायला ठेवायची पद्धत, वाळला की उचलू. पण उचलायला कोण येणार ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण गाळ बाहेर काढला की फोटो निघायचा आणि तक्रार बंद. पाऊस त्याला परत आत ढकलत होता. म्हणजे आम्ही तोच गाळ काढत होतो, पुन्हापुन्हा!

मी विचारलं तुम्ही कोणाला सांगितलं नाही का. सांगितलं होतं, मुकादमाला, दोनदा. त्यानेही वर सांगितलं असेल, पण तक्रार नोंदवायची सोय फक्त नागरिकाला, झाडणाऱ्या माणसाने दिसलेली गोष्ट लिहायची जागाच आमच्या सिस्टीममध्ये नव्हती. रोज तो रस्ता इंच इंच बघणारं दुसरं कोण आहे सांगा मला?

त्याच दिवशी दुपारी साहेबांसमोर सगळं मांडलं. थोडी वादावादी झाली, गाडीचा मार्ग बदलायचा म्हणजे दुसऱ्या बीटची वेळ मागे जाते वगैरे, ते खोटं नव्हतं. शेवटी गाडी झाडणं संपल्यावर अर्ध्या तासात यायची ठरली. गाळ झाकणाच्या डब्यात भरून त्याच दिवशी हलवायचा, आणि फोटो काढायचा तो उचललेल्या जागेचा. तक्रार करणाऱ्याला फोन केल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. मास्कचं अजून भांडतोय, ते सोडणार नाही.

पुढच्या 2 महिन्यात त्या गल्लीतून 2 तक्रारी आल्या. दोन्ही एकाच कोपऱ्याच्या. हजेरीच्या जागी मी एक वही ठेवली होती, कामगारांनी सांगायचं आणि मुकादमाने लिहायचं. त्यात पहिली नोंद मावशींचीच निघाली, तारीख दुसऱ्या तक्रारीच्या 4 दिवस आधीची: नवीन डांबर टाकताना कोपऱ्यावरची जाळी अर्धी बुजली आहे. वही मी त्या आठवड्यात उघडलीच नव्हती. आता रोज सकाळी आधी वही बघतो, मग कॉम्प्युटर. रस्ते खात्याची माणसं येऊन ते डांबर फोडून गेली, मावशी तिथे उभ्या होत्या, अजून थोडं इकडे, अजून थोडं, असं हाताने दाखवत.